‘मुखबिराच्या सूचनेवरून’

ती घटना माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि ती जाऊ द्यायची माझी तयारीही नाही. निवृत्त माणसानं जुनी भांडणं उकरू नयेत असं डॉक्टर सांगतो, बायको सांगते. पण मागच्या दिवाळीत ओळखीच्या एकानं एक स्मरणिका आणून दिली. एका क्रांतिकारी पक्षाच्या जुन्या मंडळींनी काढलेली. त्यात भिलाईच्या त्या प्रकरणावर दोन पानं होती आणि पुन्हा तेच वाक्य होतं: एका कामगारानं विश्वासघात केला आणि आमचा साथी पोलिसांच्या हाती पडला. मी ती स्मरणिका भिंतीवर फेकून मारली. मग उचलून आणली आणि लिहायला बसलो.

ज्याला विश्वासघातकी म्हटलं आहे त्यानं आम्हाला काहीही सांगितलं नव्हतं. हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे आणि माझ्या सांगण्याला कोणी किंमत देत नाही. का देत नाही, ते पुढे येईलच. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही.

तेव्हा छत्तीसगड वेगळं राज्य नव्हतं. हुकूम भोपाळहून यायचे आणि दुर्गला पोचेपर्यंत शिळे व्हायचे. मी टी.आय. होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. माझे वडील रेल्वेत गँगमन, विदर्भातून आलेले. आई भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि शाळा सुटली की मी तिच्या शेजारी. भाव करायला मी तिथं शिकलो. खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि परीक्षा देत देत वर आलो. समोर आरोपी असो की साहेब, त्याला काय हवं आहे आणि तो काय सोडू शकतो हे आधी बघायचं, ही माझी पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे ओरडणं. तीही मला चांगली येते.

भिलाईजवळच्या रसमड्याला सळया ओढणाऱ्या एका खाजगी मिलमध्ये संप चालू होता. तिथले मजूर ठेकेदाराचे. त्यांना हजेरीचं कार्ड हवं होतं, बूट हवे होते, हातमोजे हवे होते. लालभडक सळई चिमट्यानं पकडून पुढच्या रोलमध्ये घालायची, आणि हाताला काय, तर गोणपाटाचा तुकडा. भिलाईत मजुरांच्या दोन जाती होत्या हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. सेक्टर दोनच्या क्वार्टरात राहणारा सरकारी पोलाद कारखान्याचा कायम कामगार, त्याला बोनस, दवाखाना, मुलांना शाळा. आणि हा रसमड्याचा ठेकेदारी मजूर. पहिल्याला दुसऱ्याचा कळवळा सभेत यायचा, घरी जाताना उतरायचा.

या दुसऱ्यांमध्ये एक तरुण येऊन राहिला होता. नागपूरकडचा, शिकलेला, भूमिगत पक्षाचा. मजुरांना तो संध्याकाळी अक्षरं आणि कायदे शिकवायचा, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणत. संप त्यानंच उभा केला होता. खरं सांगायचं तर चांगला उभा केला होता. मालक नरमत आला होता, हातमोजे आणि कार्डावर तडजोड होणार अशी चिन्हं होती.

आणि मग एका संध्याकाळी दिवेलागणीला मिलचा ट्रान्सफॉर्मर उडवला गेला. खदानीतला बारूद वापरून. ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीला पाठ लावून मिलचा म्हातारा चौकीदार भाकर खात बसला होता. तो जागीच गेला. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा त्याचा ॲल्युमिनियमचा डबा पार रस्त्यापर्यंत उडालेला होता. चौकीदार रोज तिथंच जेवायचा. वारा लागत नाही म्हणून. मिलमधल्या कोणाही माणसाला हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तडजोड मोडली. मालकाला हवंच होतं. फाटकावर सशस्त्र पोलीस बसले आणि गुरुजी गायब झाला.

सी.एस.पी. साहेब, म्हणजे शहराच्या पोलिसांचे वरिष्ठ, थेट भरतीचे, तरुण, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. त्यांचं मत पडलं की गुरुजी कलकत्त्याला पळाला. मी सुपेल्याला गेलो. चौकात एक चहावाला होता. त्याची टपरी रस्त्यात दोन हात पुढे आलेली, आणि नगरपालिकेचा ट्रक आला की तो माझ्याकडे धावायचा.

मी म्हटलं, “टपरी सुंदर दिसून राहिली. उद्या राहील का नाही, सांगता येत नाही.”

“साहेब, सकाळी सकाळी असं अभद्र कावून बोलता?” तोही आमच्याच भागातला, गोंदियाकडचा.

“गुरुजी कुठं जेवत होता?”

त्यानं फडक्यानं एकच ग्लास तीनदा पुसला. “मले काही मालूम नाही. पण रसमड्याकडच्या बस्तीत एक चिमटेवाला आहे. त्याचा म्हातारा बाप गुरुजीला पोरासारखा मानते म्हणतात. एवढंच. आता टपरीचं बोला.”

“अर्धा हात मागं घे.”

“अर्धा?”

“एक हात म्हणू का?”

“अर्धाच घेतो, साहेब.”

खबर म्हणावी अशी एवढीच. हे नीट लक्षात ठेवा. चहावाल्यानं एका घराकडे बोट दाखवलं. गुरुजी कधी, कुठे सापडेल हे त्याला ठाऊक नव्हतं.

चिमटेवाल्याला आम्ही ठाण्यात आणला. पस्तिशीचा, काटक, दोन्ही हातांवर जुन्या भाजण्याचे चट्टे. छत्तीसगडी बोलायचा, मी त्याचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहितो. त्याची चौकशी सोपी वाटली, कारण तो सगळंच कबूल करत होता.

“संपात होतास?”

“होतो.”

“झेंडा धरलास?”

“धरला. अजून घरी आहे.”

“गुरुजी तुझ्याकडे जेवायचा?”

“जेवायचा. झोपायचाही.”

“ट्रान्सफॉर्मर कोणी उडवला?”

यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे रोखून पाहिलं. “मला माहीत असतं तर मी म्हाताऱ्याला तिथं बसू दिलं असतं का, साहेब? तो माझ्या बापाबरोबर तमाखू खायचा.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माणूस खोटं बोलतो तेव्हा स्वतःबद्दल बोलतो. हा चौकीदाराबद्दल बोलत होता.

“बरं. त्या गुरुजीचं खरं नाव काय?”

त्यानं तळवे मांडीवर पुसले.

“नाव सांग. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. पण मैं ओकर नाव नइ धरंव, साहेब.” त्याचं नाव मी घेणार नाही.

मी टेबलावर हात आपटला. शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. बाप, बायको, पोरं सगळ्यांची भीती घातली. हवालदारानं लाताही घातल्या. तो एकच वाक्य म्हणत राहिला. सी.एस.पी. साहेब दारात उभे राहून बघत होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, “ट्रेंड कॅडर आहे. पक्षानं तयार केलेला. असे लोक मरतील पण बोलणार नाहीत.”

मला ते पटेना. पक्षाचा तयार माणूस आधी सगळंच नाकारतो. हा झेंड्यासकट सगळं कबूल करून एका नावापाशी अडला होता. ते कोडं घेऊन मी दुपारी घरी जेवायला गेलो आणि ताटावरही चिडचिड करत होतो.

बायको म्हणाली, “कावून एवढे तापून राहिले? वरण थंड होऊन राहिलं ते पाहा.”

“एक माणूस दुसऱ्याचं नाव घेत नाही. मारलं तरी घेत नाही. काय कारण असन?”

“बाईमाणूस असती तर म्हटलं असतं नवऱ्याचं घेत नाही.” ती हसली. मग हात थांबवून म्हणाली, “तुमचे बाबा नव्हते का? त्यायच्या मितानाचं नाव त्यायनं जन्मभर घेतलं नाही.”

मी घास खाली ठेवला.

छत्तीसगडात दोन माणसं विधी करून मैत्री बांधतात. पुरीहून आणलेला जगन्नाथाचा महाप्रसाद, वाळलेला भात, चार लोकांसमोर एकमेकांना भरवायचा. मग ते मितान झाले. रक्ताच्या नात्याहून मोठं नातं. जात आड येत नाही. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ‘महापरसाद’ म्हणूनच हाक मारायची; नाव घेतलं की नातं तुटलं. मितानाचा बाप तो आपला फूलबाबू, आणि त्याच्या मरणाला मुलासारखं उभं राहायचं, डोकंही उतरवायचं. माझ्या वडिलांचा मितान लाईनवरचाच एक गँगमन होता, पलीकडच्या गावचा. वडील गेले तेव्हा दहाव्याला तो माझ्या शेजारी बसून मुंडण करून घेत होता, आणि माझ्यापेक्षा जास्त रडत होता.

मी ठाण्यात परतलो, चिमटेवाल्यासमोर बसलो आणि आवाज न चढवता एवढंच विचारलं, “महापरसाद बदलला का रे त्याच्याशी?”

त्यानं खाली मान घातली. होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बस्स. त्याच्याकडून आम्हाला मिळालं ते एवढंच, एक खाली गेलेली मान.

नंतर कळलं ते असं. गुरुजी घरी जेवायला लागल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं होतं, कोणत्या नात्यानं जेवतोस? मजूर म्हणून, साथी म्हणून, असं गुरुजीनं सांगितलं. ते म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरेना. म्हणाला, याला काही नाव असू दे. मग नारळ फोडून, बस्तीसमोर महापरसाद झाला. गुरुजीच्या पक्षात याला काय म्हणत असतील कोण जाणे. जनतेत मिसळणं म्हणत असतील. म्हाताऱ्याच्या घरी त्याला मुलगा म्हणत होते.

म्हातारा तेव्हा अंथरुणावर होता. छाती भरलेली, आयुष्यभर धूळ गिळलेली. चिमटेवाल्याला आम्ही प्रतिबंधक कलमाखाली धरलं होतं. मी विरोध केला नाही आणि तो बाँडवर सुटून घरी गेला. सी.एस.पी. साहेब माझ्यावर भडकले. मी म्हटलं, “सर, हा आत राहून काही देणार नाही. बाहेर गेला तर त्याचं नातं देईल.” त्यांना काही कळलं नाही. थोड्याच दिवसांत म्हातारा गेला.

मी म्हटलं, दशगात्राला गुरुजी येईल. तळ्यावर, दहाव्याच्या मुंडणाला.

सी.एस.पी. साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. “देव न मानणारा माणूस डोकं भादरायला येईल? तुम्ही थकलात, रजा घ्या.”

“माणसं द्या, सर. नाही आला तर रजाच घेतो. कायमची.”

घरी बायकोनं तोंड फिरवलं. “दहाव्याच्या घाटावर माणूस धरता का? पाप लागन.”

“चौकीदाराच्या बायकोले विचार पाप कोणाले लागन ते.”

“तिले विचारा ना तुम्ही. मी तर तुमाले सांगून राहिली.”

मी तेव्हा गेलो आणि आजही जाईन. भाकर खाणारा एक म्हातारा कारण नसताना मेला होता. कोणी तरी त्याचा जाब मागायला हवा होता, आणि पक्ष किंवा मालक तो मागणार नव्हते.

तळ्याच्या काठावर माझे चार शिपाई साध्या कपड्यांत होते. दोघं बकऱ्यांचे व्यापारी झालेले, बकरीसकट. ती बकरी सारखी ओरडत होती आणि एक बाई त्यांच्याशी खरोखरच भाव करायला लागली होती. सकाळचं ऊन वर आलं. न्हावी दगडावर बसून एकेकाचं डोकं उतरवत होता. चिमटेवाल्याचं झालं, त्याच्या चुलतभावांचं झालं. न्हाव्यानं वस्तरा पुसला. चिमटेवाला उठेना. शेजारची जागा रिकामी ठेवून तो बसून राहिला.

मग बांधावरून एक सायकल आली. पायजमा, खांद्यावर गमछा. दाढी काढलेली होती, पण संपाच्या सभेतला त्याचा फोटो मी इतक्यांदा पाहिला होता की चाल न बघता ओळखलं. तो सरळ त्या रिकाम्या जागेवर येऊन बसला. न्हाव्यानं त्याच्या डोक्यावर पाणी मारलं.

माझा हवालदार कुजबुजला, “साहेब, उठवू?”

मी म्हटलं, “थांब.”

का थांबलो, याचं स्पष्टीकरण साहेबांनी नंतर लेखी मागितलं. तो पळाला असता तर माझी नोकरी गेली असती. मुंडण झालं. दोघं तळ्यात उतरले, डुबकी मारली, ओंजळीनं म्हाताऱ्याला पाणी दिलं. ते ओल्या कपड्यांनी काठावर आले तेव्हा मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं झटापट केली नाही. फक्त वळून चिमटेवाल्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, आणि पुढची सगळी वाट तिथूनच लागली.

चिमटेवाला मला म्हणाला, “माझ्या बापाच्या पाण्यावर, साहेब?”

मी हवालदाराला जीप आणायची खूण केली.

गुरुजीची चौकशी मी स्वतः केली. मराठीतच. तो पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलायचा.

त्याचा पहिला प्रश्न, “कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मी येडा वाटलो का तुले? माझा बाप गँगमन होता, त्याचा बी मितान होता.”

“त्यानं सांगितलं.”

“अरे, त्यानं तुझं नाव नाही घेतलं बाबू! लाता खाल्ल्या, पण नाव नाही घेतलं.”

“नाव न घेताही माणूस दाखवता येतो,” तो म्हणाला. “पोलीस एखाद्याची बाजू एवढी घेतात तेव्हा कारण असतं.”

मला संताप आला. मी विषय बदलला. “चौकीदार कामगार नव्हता का रे?”

त्यानं माझ्यावरची नजर काढली. “तिथं कोणी नसेल असा रिपोर्ट होता.”

“कोणाचा रिपोर्ट?”

“कमिटीचा.”

“कमिटीत रसमड्याचा कोण होता? चिमटेवाला होता? भट्टीवाला होता? एखादा मिलचा माणूस?”

त्यानं समोरचा चहाचा ग्लास बाजूला सरकवला.

“एका मजुराले विचारलं असतं ना, म्हातारा जेवाले कुठं बसते, तर त्यानं सांगितलं असतं. संप जिंकत आला होता. हातमोजे मिळून राहिले होते.”

“हातमोज्यांसाठी नाही लढत आम्ही,” तो म्हणाला. “हातमोजे मिळाले की माणूस घरी जाऊन झोपतो. पक्षाला पुढचं पाहावं लागतं. पक्ष कामगारांच्या पुढे चालतो.”

“मागं वळून पाहते का कधी?”

तो हसला. चांगला हसायचा तो, हे कबूल करतो. म्हणाला, “तुमचे वडील गँगमन. आणि तुम्ही कोणाची काठी धरली आहे, टी.आय. साहेब? मी निदान परक्या बापाचं डोकं उतरवायला आलो. तुम्ही तुमच्या बापाच्या माणसांना धरायला आलात.”

मी चहाचा ग्लास भिंतीवर फोडला आणि बाहेर पडलो. ते वाक्य अजून माझ्याबरोबर राहतं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. पोलिसांचा कोणताही कागद उघडा, पहिली ओळ ठरलेली असते: ‘मुखबिराच्या सूचनेवरून.’ मुखबिर म्हणजे खबऱ्या. दारू पकडली, मुखबिराच्या सूचनेवरून. जुगार पकडला, मुखबिराच्या सूचनेवरून. शिपायाला वाटेत चालताना चोर दिसला तरी लिहायचं तेच, कारण मुखबिर कोण हे कोर्ट विचारत नाही. ती ओळ लिहिताना कोणी विचारही करत नाही. सी.एस.पी. साहेबांनी पत्रकारांसाठी निवेदन काढलं, त्यात तीच ओळ होती. ‘विश्वसनीय मुखबिराच्या सूचनेवरून सापळा रचून.’

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. “सर, ही ओळ काढा. चिमटेवाला मरेल.”

“मग काय लिहू? माझ्या टी.आय.नं भाताच्या दाण्यांवरून आरोपी ओळखला? कोर्ट हसेल.”

“‘पोलिसांनी स्वतः माहिती काढून’ असं लिहा. एवढंच.”

“छापायला गेलंय.”

मी आवाज चढवला, त्यांनी चढवला, बाहेर मुंशी टाईप करायचा थांबला. शेवटी मी माझ्या पद्धतीनं भाव केला: “शाबासकी सगळी तुमची. माझं नाव कुठंच नको. फक्त ती ओळ काढा.” ते म्हणाले, शाबासकी तशीही माझीच आहे. आणि खरंच, पदक त्यांना मिळालं. मला मिळाली बदली. पण बदलीआधीचं अजून सांगायचं आहे.

आठवड्याभरात मिलच्या भिंतीवर पक्षाचं पत्रक लागलं. गद्दार, खाली चिमटेवाल्याचं नाव. पक्षाला विचार करायची गरजच पडली नव्हती. पोलिसांनी मुखबिर असं छापलंच होतं, आणि घाटावर गुरुजी येईल हे दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? संप मोडला. मालकानं जुने मजूर निवडून निवडून परत घेतले, हातमोज्यांशिवाय. याला घेतला नाही, कारण हा पक्षाचा. मजुरांनी याला नळावर भांडं लावू दिलं नाही, कारण हा पोलिसांचा. बस्तीतल्या चहाच्या दुकानात तो बसला की बाकावरचे लोक उठायचे.

मी युनियनच्या ऑफिसात गेलो. सुपेल्याला, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. वर्दीत गेलो, लपून नाही. तिथल्या पुढाऱ्याला सांगितलं, “त्या माणसानं आम्हाला काही सांगितलं नाही. मी शपथेवर सांगतो.”

पुढाऱ्यानं विडी काढली. “टी.आय. साहेब खुद आए हैं,” तो बाकीच्यांना म्हणाला. “देखो भाई, कितना प्यार है.” सगळे हसले. एक जण म्हणाला, “हमारे लिए तो कभी नहीं आए साहब.”

जिना उतरताना मला कळलं की थोडीफार शंका ज्यांच्या मनात शिल्लक होती, ती मी आत्ता घालवली होती. ठाणेदार ज्याची ग्वाही देतो तो कोणाचा माणूस, हे सांगायला लागत नाही.

त्या वर्षी सेक्टर दोनच्या गणपतीत आपल्याच एका मराठी इंजिनियरानं मला बाजूला घेऊन विचारलं, “किती दिलं हो त्या मजुराला?” तो क्रांतीवर व्याख्यानं ठेवायचा. मी त्याची कॉलर धरली होती, लोकांनी सोडवलं.

खटला दुर्गच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला. पोलिसांसमोरचा जबाब कोर्टात टिकत नाही आणि ट्रान्सफॉर्मरपाशी गुरुजीला कोणी पाहिलं नव्हतं. चिमटेवाला सरकारी साक्षीदार. मी बदलीच्या गावाहून तारखेला आलो होतो. सरकारी वकिलानं विचारलं, “तुमच्या घरी राहणाऱ्या इसमाचं नाव सांगा.”

त्यानं भाजलेले हात जोडले. “नाव नइ धरंव, साहेब.”

“इथे हजर आहे का? दाखवा.”

त्यानं जमिनीकडे पाहिलं. वकिलानं त्याला फितूर साक्षीदार जाहीर केलं. बचावाचा वकील हसला. त्याला वाटलं पोलिसांचा माणूस घाबरला. न्यायाधीशांनी पुढचा साक्षीदार बोलावला. त्या खोलीत काय घडलं ते दोघांनाच कळलं, मला आणि पिंजऱ्यातल्या गुरुजीला. गुरुजीनं झटकन मान वर केली होती. त्याला कळलं होतं, हे मी कोणत्याही देवापुढे सांगेन. ज्यानं विकलं असेल तो नाव राखत बसत नाही.

गुरुजी निर्दोष सुटला. चौकीदाराला कोणी मारलं याचं उत्तर सरकारदरबारी आजही नाही. त्याची बायको मिलच्या फाटकाबाहेर चणे विकत बसलेली मी नंतर पाहिली.

सुटकेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात पक्षाचे लोक हार घेऊन आले होते, काही नागपूरहून, काही लांबून. रसमड्याचा मजूर म्हणावा तर एकच होता. तो लिंबाच्या झाडाखाली गमछा डोक्यावर घेऊन उभा होता. गुरुजी जवळून जाऊ लागला तसा तो पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “सीताराम, महापरसाद.”

गुरुजी थांबला. त्यानं आधी उजवीकडच्या साथीकडे पाहिलं, मग डावीकडच्या. सगळे बघत होते. मग त्यानं चिमटेवाल्याला त्याच्या नावानं हाक मारली. नाव, आणि पुढे ‘जी’. “आप भी आए? अच्छा किया.” अगदी सभ्यपणे, सभेत ओळख करून देतात तसं. आणि तो जीपमध्ये बसला.

चिमटेवाल्याचे हात जोडलेलेच होते. जीप गेली. मी त्याच्याजवळ गेलो. पक्षाला, गुरुजीला, माझ्या साहेबांना, सगळ्यांना मिळून एक शिवी घातली.

तो म्हणाला, “मोर ददा ला पानी तो दे रिहिस, साहेब.” माझ्या बापाला पाणी तर दिलं होतं त्यानं.

मग तो बसस्टँडकडे चालू लागला. नंतर तो मला कधीच भेटला नाही. बस्ती सोडून गेला, एवढंच कळलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचाराल तर फार काही चांगलं शिकवलं नाही. मजुरांच्या नावानं बोलणारे मी खूप पाहिले. काही जीव द्यायलाही तयार होते. पण समोर उभा असलेला एक मजूर खरं बोलतो आहे, असं मानायची वेळ आली की त्यांना आधी आपल्या माणसांकडे बघावं लागायचं. आणि आमच्या खात्यानं तर एका ठरलेल्या ओळीत त्याचा निकाल लावून टाकला. आता हे वाचूनही ती मंडळी म्हणतील, पाहा, म्हातारा ठाणेदार अजून आपल्या मुखबिराला सांभाळतो आहे. म्हणू द्या.

त्या स्मरणिकेत त्याचं पूर्ण नाव छापलं आहे, बापाच्या नावासकट, गावासकट. मी ते इथं घेतलेलं नाही.